मरुभूमीतील सहप्रवासी : ऑस्ट्रेलियन प्रवासवाङ्मयासंबंधी काही विचार

१

'कारवाँ' हा शब्द मूळचा फारसी. व्यापारी, यात्रेकरू, उंटवाले, पहारेकरी आणि लादलेली जनावरे मिळून वाळवंट ओलांडणारा जो समुदाय, त्याचे हे नाव. मराठी वाचकाला काफिला आणि तांडा हे शब्द परिचित आहेत. त्यांतही समूहाची कल्पना हाच अर्थाचा गाभा आहे. एकट्या माणसाचा काफिला होत नाही. हा फारसी शब्द युरोपात गेला, इंग्रजीत स्थिरावला आणि कालांतराने त्याचा अर्थ पालटला. आज ऑस्ट्रेलियात 'कॅरॅव्हान' म्हणजे मोटारीच्या मागे जोडलेले, चाकांवर चालणारे एका कुटुंबाचे घर. त्यात निजण्याची सोय असते, शेगडी असते, पाण्याची टाकी असते. आणि दार लावून घेतले म्हणजे बाहेरचे वाळवंट बाहेरच राहते. ज्या शब्दाने पूर्वी सोबतीचा बोध होत असे, त्याच शब्दाने आता स्वयंपूर्णतेचा बोध होतो.

अर्थाच्या या स्थित्यंतराकडे केवळ भाषेतील एक गंमत म्हणून पाहून चालणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागाविषयी, तेथे ज्याला 'आउटबॅक' म्हणतात त्या विस्तीर्ण कोरड्या प्रदेशाविषयी, गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे प्रवासवाङ्मय निर्माण झाले, त्याचा मध्यवर्ती प्रश्न येथे सूचित झाला आहे. प्रवासी कोणाबरोबर गेला, आणि बरोबर असलेल्यांपैकी कोण त्याच्या लेखनात माणूस म्हणून उतरले, हा तो प्रश्न. प्रवासवर्णनांच्या समीक्षेत स्थलवर्णनाची, निवेदनशैलीची आणि लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाची चर्चा होते. सहप्रवाशाची सहसा होत नाही. तंबू, पाण्याच्या पखाली आणि होकायंत्र यांच्यासारखाच तोही प्रवासाच्या तयारीचा एक भाग मानला जातो.

या बाबतीत मराठी भाषेने एक सोय करून ठेवली आहे. वाटाड्या, सोबती आणि सांगाती हे शब्द वरवर जवळचे वाटतात, परंतु त्यांत भेद आहे. वाटाड्याचे ज्ञान आपल्या उपयोगाचे असते; त्याला स्वतःला कोठे जायचे आहे हे कोणी विचारत नाही, आणि वाट संपली की तो कथेतूनही नाहीसा होतो. सोबती अंतराने जवळ असतो; त्याच्या असण्याने भीती कमी होते, दृष्टी पालटतेच असे नाही. सांगाती या शब्दाला संतवाङ्मयाने जे वजन दिले आहे त्यामुळे तो या दोहोंहून वेगळा ठरतो. ज्याच्या सहवासाने प्रवासाचा अर्थच बदलतो, तो सांगाती. ऑस्ट्रेलियन वाळवंटाच्या वाङ्मयाचा इतिहास म्हणजे वाटाड्याला सांगात्याचे स्थान मिळण्यास लागलेल्या विलंबाचा इतिहास होय, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

२

प्रथम आजच्या कॅरॅव्हान-प्रवासाचीच वर्णने पाहावीत. पर्थकडे जाणारा एअर महामार्ग १९७६ मध्ये, आणि पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत खंडाच्या मध्यातून जाणारा सुमारे पावणेतीन हजार किलोमीटरचा स्टुअर्ट महामार्ग १९८७ मध्ये संपूर्ण डांबरी झाला. त्यानंतर वाळवंट सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आले. निवृत्तीनंतर घरदार बंद करून महिनोन् महिने या रस्त्यांवर हिंडणाऱ्या जोडप्यांचा एक वर्गच तेथे तयार झाला असून, 'पिकल्या केसांचे भटके' अशा अर्थाचे एक प्रेमळ नाव त्यांना पडले आहे. या प्रवाशांनी लिहिलेल्या दैनंदिन्यांची संख्या मोठी आहे. वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा त्यांत नसते. दिवसाचे अंतर, इंधनाचा दर, खडबडीत रस्त्याने निखळलेला एखादा खिळा, संध्याकाळच्या मुक्कामाची जागा आणि पहाटेची थंडी, एवढाच त्यांचा विषय असतो.

अशा लेखनाला समीक्षकाने तुच्छ लेखण्याचे कारण नाही. त्यात एक गुण आहे, आणि तो नामांकित प्रवासलेखकांत पुष्कळदा आढळत नाही. शेजारी गाडी लावणारा अनोळखी माणूस या दैनंदिन्यांत सहजपणे प्रवेश करतो. चाक पंक्चर झाले असता थांबलेले वृद्ध जोडपे, रात्री शेकोटीभोवती खुर्ची ओढून बसलेला विधुर, तीनशे किलोमीटरवर पुन्हा भेटलेली तीच निळी गाडी, यांची नोंद लेखक कोणताही आव न आणता करतो. रेडिओवरून एकमेकांना पुढच्या रस्त्याची खबर देणाऱ्या या गाड्यांमध्ये जुन्या कारवाँचा अंश शिल्लक राहिला आहे. अंतर मोठे, पाणी थोडे आणि मदत दूर असल्यामुळे येथे माणसाला माणसाची गरज भासते. ती गरज गद्यालाही एक प्रकारचा सच्चेपणा देते.

परंतु या सोबतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. शेकोटीभोवती जमणारे सर्वजण एकाच प्रकारचे असतात. ज्यांच्या भूमीतून रस्ता जातो ते लोक खिडकीबाहेर दिसतात, पेट्रोलपंपावर दिसतात, आणि पुढच्या परिच्छेदात नाहीसे होतात. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू हा प्रचंड तांबडा खडक १९८५ मध्ये त्याच्या मूळ मालकांना, अनंगू लोकांना, परत देण्यात आला. आपल्या या पवित्र स्थानावर चढू नये अशी त्यांची विनंती पायथ्याशी लिहिलेली होती. तरीही २०१९ च्या ऑक्टोबरात चढाई कायमची बंद होईपर्यंत अनेकांच्या प्रवासाचा परमोच्च बिंदू ती चढाई हाच राहिला. म्हणजे यजमानाचे म्हणणे वाचले जात होते, पण ते म्हणणारा माणूस प्रवासात सामील नव्हता.

मराठी वाचकाला येथे इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) मधील 'वाटचाल' या लेखाची आठवण व्हावी. पंढरीच्या वाटेवर एका मुखाने भजन करणारी दिंडी जेवणाच्या वेळी जातीनुसार वेगळी बसते, हे त्यांनी पाहिले आणि त्याची वेदना लेखात नोंदविली. एकत्र चालणे आणि सहप्रवासी असणे यांतील अंतर त्या लेखाने दाखविले आहे. सोबतीचा परीघ कोठे संपतो हे ज्या लेखकाला दिसते, त्याचे प्रवासवर्णन दैनंदिनीच्या पलीकडे जाते.

३

हा परीघ कॅरॅव्हानच्या काळात आखला गेला असे नाही. एकोणिसाव्या शतकातील शोधकांच्या रोजनिशींतून तो वारशाने आला आहे. १८४४ मध्ये ॲडलेडहून निघालेल्या चार्ल्स स्टर्ट यांनी अंतर्भागात समुद्र असावा या समजुतीने वाळवंटात होडी नेली होती. समुद्र नव्हता, अवर्षणामुळे एका पाणवठ्यापाशी सहा महिने अडकून पडावे लागले आणि त्यांचे दुय्यम अधिकारी जेम्स पूल मरण पावले. स्टर्ट यांच्या १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताला कारुण्याची धार आहे ती या सहवासामुळे, हे मान्य केले पाहिजे. मात्र सहवासाची ही जाणीव गोऱ्या सोबत्यांपुरती आहे. भोवतालचा प्रदेश त्यांच्या दृष्टीने रिता आहे, आणि त्यात भेटणारी माणसे त्या रितेपणाला बाध आणीत नाहीत.

बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेत (१८६०–६१) हा अंतर्विरोध शोकान्त स्वरूप धारण करतो. मेलबर्नहून निघालेल्या या तांड्याचे उंट हिंदुस्थानातून आणलेले होते आणि त्यांच्याबरोबर दोस्त महंमद, ईसा खान, बलुच आणि सामला असे उंटवाले होते. सामला हा हिंदू. तांड्यात मिळणारे अन्न त्याला चालेना, म्हणून थोड्याच दिवसांत तो निघून गेला. मोहिमेच्या इतिहासात त्याला एखाद्या वाक्यापुरती जागा मिळते. वास्तविक कोणाच्या भाकरीचा विचार तांड्याने केला होता आणि कोणाच्या केला नव्हता, हे त्या वाक्यात सर्व आले आहे.

पुढे बर्क, विल्स आणि किंग उत्तर किनाऱ्याजवळून परतले तेव्हा कूपर्स क्रीकवरील तळ रिकामा होता. त्यांची वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी, २१ एप्रिल १८६१ रोजी, सकाळी निघून गेली होती. त्या पाणवठ्याभोवती यांद्रुवांधा लोकांची वस्ती होती. त्यांनी मासे दिले, नार्डू नावाच्या वनस्पतीच्या बीजांची भाकर दिली. नार्डू खाण्याजोगा करण्याची त्यांची कृती प्रवाशांनी नीट आत्मसात केली नाही, त्यामुळे पोट भरूनही शरीर खंगत गेले, असे आता मानले जाते. बर्क यांनी तर देऊ केलेली मदत पिस्तूल झाडून परतवून लावली. बर्क आणि विल्स त्याच पाणवठ्याजवळ मरण पावले. जॉन किंग यांद्रुवांधांमध्ये जाऊन राहिला आणि सप्टेंबरात शोधपथकाला जिवंत सापडला. हा किंग पूर्वी हिंदुस्थानात सैनिक होता आणि उंटांबरोबरच ऑस्ट्रेलियात आला होता. तिघांत तो सर्वांत कनिष्ठ दर्जाचा. अधिकार ज्याच्याकडे नव्हता त्यालाच आश्रय मागता आला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. परंतु राष्ट्रीय दंतकथा बर्क आणि विल्स यांची झाली, किंगची झाली नाही. मरण हे काव्याला अनुकूल, आणि दुसऱ्याच्या घासावर जगणे हे प्रतिकूल, अशी या दंतकथेची धारणा दिसते.

अर्नेस्ट गाइल्स यांच्या 'ऑस्ट्रेलिया ट्वाइस ट्रॅव्हर्स्ड' (१८८९) या ग्रंथाची गोष्ट किंचित निराळी आहे. गाइल्स हे शोधकांतील खरे शैलीकार. विनोद, अतिशयोक्ती, काव्यस्मरण आणि आत्मोपहास यांचे त्यांच्या गद्यात विलक्षण मिश्रण आहे. १८७५ च्या त्यांच्या मोहिमेत सालेह नावाचा उंटवाला होता आणि टॉमी नावाचा एक मूलनिवासी तरुण होता. तीनशेहून अधिक मैल पाण्याविना कापल्यावर टॉमीला एक झरा सापडला. तांडा वाचला. त्या झऱ्याला नाव मिळाले राणी व्हिक्टोरियाचे. गाइल्स यांनी टॉमीचे श्रेय लपविलेले नाही; ते प्रामाणिक आहेत. परंतु शोधणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. वाटाड्याचे ज्ञान तांड्याच्या मालकीचे होते हेच त्या नामकरणात नोंदले गेले आहे.

४

सालेह आणि दोस्त महंमद हे अपवादात्मक नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोटारी येईपर्यंत वाळवंटातील लोकर, धान्य, तारेचे खांब आणि रेल्वेचे सामान उंटांनी वाहिले, आणि ते उंट हाकणारे बलुचिस्तान, सिंध, पंजाब, वायव्य सरहद्द आणि अफगाणिस्तान येथून आलेले होते. सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हणण्यात येई. आजही ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या रेल्वेगाडीचे 'घान' हे नाव त्याच शब्दाचा अवशेष आहे. खऱ्या अर्थाने कारवाँ ऑस्ट्रेलियात आणला तो या लोकांनी. तरीही त्या भूमीच्या वाङ्मयात ते बहुतांशी पार्श्वभूमीवरच राहिले. अर्नेस्टीन हिल यांच्या लोकप्रिय प्रवासग्रंथाचे शीर्षकच ऑस्ट्रेलियाच्या महान एकाकीपणाचा उच्चार करते (१९३७); आणि तो एकाकीपणा ज्या प्रदेशाला लावला आहे त्यातून उंटांचे तांडे, टपालगाड्या आणि मूलनिवासींचे जथे सतत जात-येत होते, हे स्वतः हिल यांच्याच पानांवरून कळते. वर्णन एक सांगते आणि शीर्षक दुसरे. एकाकीपणा हा येथे अनुभव नसून संकेत आहे.

या संकेताखाली काय झाकले गेले याचे एक बोलके उदाहरण सामिया खातून यांच्या 'ऑस्ट्रेलियनामा' (२०१८) या इतिहासग्रंथात आले आहे. वाळवंटाच्या सीमेवरील ब्रोकन हिल या खाणींच्या गावी उंटवाल्यांनी बांधलेली पत्र्याची मशीद आहे. तेथे जपून ठेवलेला एक ग्रंथ अनेक वर्षे कुराण समजला जात होता. खातून यांनी तो उघडला तेव्हा ते बंगाली पद्यातील 'कसासोल अंबिया', म्हणजे प्रेषितांच्या कथा, निघाले. मोठ्याने वाचून सभोवतालच्यांना ऐकविण्याचे ते काव्य. याचा अर्थ असा की, ज्या वाळवंटाला इंग्रजी गद्य निःशब्द म्हणत होते, तेथे बंगाली पद्य पोचले होते. सहप्रवाशाला भाषा होती, ग्रंथ होता, श्रोते होते. त्याचा ग्रंथ कोणता, एवढेही शेजाऱ्याला ठाऊक नव्हते. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांना या घटनेतून एक कार्यही सुचण्यासारखे आहे: कारवाँबरोबर गेलेल्या आपल्या भाषांचा मागोवा अद्याप पुरता घेतला गेलेला नाही.

५

कादंबरीच्या क्षेत्रात या विषयावरील सर्वांत श्रेष्ठ कृती पॅट्रिक व्हाइट यांची 'वॉस' (१९५७). १८४८ मध्ये आपल्या सोबत्यांसह आणि दोन मूलनिवासी वाटाड्यांसह निघून कायमचे नाहीसे झालेले जर्मन शोधक लुडविग लाइखहार्ट यांच्या आधाराने ती उभी आहे. युद्धकाळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात व्हाइट यांनी काढलेली वर्षेही तिच्यामागे आहेत. 'वॉस'ची चर्चा बहुधा नायकाचा अहंकार, त्याची ईश्वराशी स्पर्धा आणि दूर राहिलेल्या लॉरा ट्रेव्हेल्यनशी जडलेले त्याचे मानसिक ऐक्य यांच्या अनुषंगाने होते. ती योग्यच आहे. परंतु कादंबरीची रचना पाहिली असता वॉसइतकेच महत्त्व त्याच्या तांड्याला आहे असे दिसून येईल.

श्रद्धाळू पाल्फ्रीमन अथवा कवी ल मेझुरिए यांच्यापेक्षाही, या दृष्टीने जड हा शिक्षा भोगून मुक्त झालेला कैदी अधिक लक्षणीय आहे. जडला घर आहे, बायको-मुले आहेत, आणि वॉसच्या ध्येयाहून वेगळे गन्तव्य आहे. एका क्षणी तो काही जणांसह परत फिरतो. नायकाच्या दृष्टीने हा द्रोह. परंतु लेखक त्याला द्रोह ठरवीत नाही. ज्याला स्वतःचे गन्तव्य आहे आणि म्हणून जो सोडून जाऊ शकतो, त्याचीच सोबत खरी सोबत असते, हे सत्य व्हाइट यांनी जडच्या रूपाने प्रस्थापित केले आहे. पुढे अनेक वर्षांनी हाच जड जिवंत सापडतो आणि साक्ष देतो; ती साक्ष चुकीची असते, कारण एकाचे मरण तो दुसऱ्याच्या नावावर सांगतो. तिकडे शहरात वॉसचा पुतळा उभारला गेलेला असतो. पुतळ्याचा सत्याशी असलेला संबंध आणि सहप्रवाशाच्या गोंधळलेल्या स्मृतीचा सत्याशी असलेला संबंध यांतील तोल हा या कादंबरीचा सर्वांत सखोल भाग होय.

दुसरा प्रसंग वृद्ध वाटाड्या ड्यूगल्डचा. वॉस त्याच्याजवळ पत्रे देऊन त्याला वस्तीकडे परत पाठवितो. वाटेत आपल्या माणसांत मिसळलेला ड्यूगल्ड ती पत्रे फाडून वाऱ्यावर सोडतो. वाटाड्या येथे प्रथमच वाटाड्या राहत नाही. त्याला स्वतःची वाट मिळते, आणि त्या वाटेवर नायकाच्या पत्रांना अर्थ नसतो. तरुण जॅकीच्या बाबतीत मात्र व्हाइट यांची कल्पनाशक्ती अर्ध्यावर थांबते. वॉसचा शेवट करणारा हा मुलगा पुढे भ्रमिष्टासारखा रानोमाळ हिंडतो, आणि त्याच्या मनाची जी झलक मिळते ती वॉसच्या दंतकथेच्या प्रकाशातच मिळते. गोऱ्या सोबत्यांना व्यक्तिमत्त्वे आणि मूलनिवासींना भवितव्याची साधने होण्याचे काम, ही वाटणी 'वॉस'मध्ये डळमळली आहे, मोडलेली नाही.

६

पुढील दोन ग्रंथ परस्परांशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत: रॉबिन डेव्हिडसन यांचा 'ट्रॅक्स' (१९८०) आणि ब्रूस चॅटविन यांचा 'द साँगलाइन्स' (१९८७).

चॅटविन यांच्या ग्रंथाची कल्पना मोहक आहे. मूलनिवासींच्या पूर्वजांनी गात गात भूमी निर्माण केली आणि त्या गाण्यांच्या रेषांनी सारा खंड विणलेला आहे, या धारणेचा शोध हे त्याचे सूत्र. लेखकाच्याच नावाचा निवेदक आर्कादी नावाच्या रशियन वंशाच्या ऑस्ट्रेलियन सोबत्याबरोबर जीपगाडीतून हिंडतो. ॲलिस स्प्रिंग्जहून डार्विनकडे नियोजिलेल्या रेल्वेच्या मार्गात कोणती पवित्र स्थाने येतात, हे नोंदविण्याचे आर्कादीचे काम असते. (ही रेल्वे पुढे २००४ मध्ये सुरू झाली.) आर्कादी हा सहप्रवासी म्हणून यशस्वी उतरला आहे, कारण त्याला स्वतःचे काम आहे आणि निवेदकाच्या कुतूहलाहून ते मोठे आहे. पण ज्यांची गाणी हा ग्रंथाचा विषय, ती माणसे बहुधा आर्कादीच्या भाष्यातूनच वाचकापर्यंत पोचतात. आणि उत्तरार्धात एका वस्तीवर मुक्काम पडला असता निवेदक आपल्या जुन्या टिपणवह्या उघडतो. मग पानेच्या पाने निरनिराळ्या काळांतील ग्रंथकारांच्या वचनांनी आणि भटकेपणाविषयीच्या सिद्धान्तांनी भरून जातात. हा भाग बुद्धिमान आहे. तथापि तेथे जे घडते ते असे की, दाराबाहेर बसलेल्या जिवंत माणसांची जागा मृत लेखक घेतात. गाणाऱ्या भूमीविषयीच्या ग्रंथात गाणारा मागे सरतो आणि वाचणारा पुढे येतो.

डेव्हिडसन यांचा प्रवास १९७७ मधील. चार उंट आणि डिगिटी नावाची कुत्री घेऊन त्या ॲलिस स्प्रिंग्जहून हिंदी महासागरापर्यंत सुमारे सत्तावीसशे किलोमीटर चालत गेल्या. एकटे जाण्याचा त्यांचा निश्चय होता. उंट हाकण्याची विद्या त्यांनी ज्यांच्याकडून मिळविली त्यांत उंटवाल्यांच्या वंशातील सालेह महंमद हे होते. म्हणजे एकटेपणाची ही तयारीही जुन्या कारवाँच्या ऋणातूनच झाली होती. प्रवासाला एका मासिकाने पैसा दिला असल्यामुळे मधूनमधून एक छायाचित्रकार येऊन भेटे. त्याच्याविषयीचा त्रागा लेखिकेने लपविलेला नाही, आणि त्या त्राग्यात आपलाही अन्याय होता हेही लपविलेले नाही.

या एकटेपणात एडी हा वृद्ध पित्जंतजारा गृहस्थ येतो आणि काही आठवडे बरोबर चालतो. दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नाही. एडीच्या ज्ञानाचे वर्णन डेव्हिडसन करतात, पण त्याला ज्ञानाचे भांडार करीत नाहीत. त्याला विनोदबुद्धी आहे, हट्ट आहेत, दुपारच्या वेळी झोपण्याची स्वतःची वेळ आहे. मोटारींतून आलेले प्रवासी कॅमेरे रोखतात तेव्हा तो वेड्याचे सोंग आणून आरडाओरडा करतो आणि त्यांची तारांबळ उडवितो. ते गेल्यावर दोघे पोट धरून हसतात. हा प्रसंग दिसायला किरकोळ आहे. परंतु आउटबॅकच्या वाङ्मयात पाहणाऱ्यालाच कोणीतरी पाहत आहे, त्याच्या अपेक्षा ओळखून त्यांचे विडंबन करीत आहे, हे इतक्या साधेपणाने क्वचितच आले असेल. एडीच्या सहवासात घाई गळून पडते आणि गद्याची लयही बदलते. वाक्ये सैल होतात, अंतरांचे आकडे मागे पडतात. सहप्रवाशाने शैलीवर केलेला हा परिणाम आहे. एडी परत गेल्यानंतर, विषारी आमिष खाऊन डिगिटी मरते, आणि मग येणारे एकटेपण हे प्रारंभीच्या हौशी एकटेपणाहून सर्वस्वी भिन्न आहे. ज्याने सोबत जाणली त्यालाच एकटेपण कळते, असा या ग्रंथाचा प्रत्यय आहे.

याच लेखिकेचा 'डेझर्ट प्लेसेस' (१९९६) हा ग्रंथ भारतीय वाचकाने आवर्जून वाचावा असा आहे. गुजरात-राजस्थानातील रबारी या भटक्या पशुपालकांबरोबर हिंडण्याचा तो वृत्तान्त. येथे सोबत विपुल आहे. किंबहुना क्षणभराचाही एकान्त नाही. पण भाषा अपुरी पडते, सभोवती बघ्यांची गर्दी असते, आणि लेखिका थकून, चिडून जाते. एडीच्या वेळी मौनाने जे साधले ते येथे साधत नाही. हे अपयश त्यांनी मोकळेपणाने लिहिले, त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली: सांगाती मिळणे हे प्रवाशाच्या सद्भावनेवर अवलंबून नसते.

७

वरील सर्व ग्रंथांत वाळवंटात जाणारा मनुष्य बाहेरून आलेला आहे. डोरिस पिल्किंग्टन गरिमारा यांच्या 'फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स' (१९९६) या पुस्तकात हा क्रम उलटतो. मिश्र वंशाच्या मुलांना आईपासून तोडून शासकीय वसाहतीत ठेवण्याच्या धोरणानुसार १९३१ मध्ये मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुलींना पश्चिम ऑस्ट्रेलियातील जिगालाँगहून पर्थच्या उत्तरेस असलेल्या मूर रिव्हर येथे नेण्यात आले. त्या तेथून पळाल्या आणि सुमारे सोळाशे किलोमीटर चालत घराकडे निघाल्या. मॉली ही लेखिकेची आई. सशांचा उपद्रव रोखण्यासाठी सरकारने खंडाच्या आरपार घातलेले कुंपण हाच त्यांचा वाटाड्या झाला.

पुस्तकाचा प्रारंभीचा ऐतिहासिक भाग विस्कळीत आहे आणि सरकारी कागदपत्रे कथनात पुरती मुरलेली नाहीत, हे दोष मान्य करावे लागतील. परंतु चालण्याचे वर्णन सुरू झाले की गद्याला एक निराळीच निश्चितता येते. येथे वाळवंटाचे वर्णन जवळजवळ नाही. निवारा कोठे, सरडा कोठे, पाऊल उमटू नये म्हणून काय करावे, एवढेच आहे. ज्याचे घर असते तो घराचे वर्णन करीत बसत नाही. वाटेतील एका शेतघरातील बाई मुलींना जेवू घालते, उबदार कपडे देते, आणि त्या निघून गेल्यावर अधिकाऱ्यांना खबर देते. दया आणि चुगली एकाच हाताने होते, आणि लेखिका त्यावर भाष्य करीत नाही. ग्रेसी आईला भेटण्याच्या आशेने वेगळी वाट धरते आणि पकडली जाते. उरलेल्या दोघी पोचतात. तिघींपैकी एकीची अनुपस्थिती त्या पोचण्यावर कायमची राहते. तांडा म्हणजे काय, हे या तीन मुलींच्या चालण्यातून जितके कळते तितके शोधकांच्या मोठमोठ्या मोहिमांतून कळत नाही.

८

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सहप्रवाशाला न्याय दिला की नाही हा निकष नैतिक आहे, वाङ्मयीन नव्हे. गाइल्स यांचे गद्य टॉमीवर अन्याय करूनही उत्तम राहते आणि पिल्किंग्टन यांचे सद्हेतूने लिहिलेले पुस्तक रचनेत उणे ठरते, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच हे दोन्ही निर्णय वर जसेच्या तसे नोंदविले आहेत. तथापि प्रवासवाङ्मयात हा प्रश्न नीतीपुरता मर्यादित राहत नाही. प्रवासवर्णनाला कथानक नसते. एका पाहणाऱ्या मनाच्या आधारावर ते उभे असते. त्या मनाला अडविणारे, हसणारे, सोडून जाणारे दुसरे मन कृतीत नसेल, तर भूमी हा केवळ आरसा होतो आणि लेखक त्यात स्वतःलाच पाहत राहतो. 'वॉस'मधील जड काढून टाकला तर कादंबरीचा तोल जाईल. 'ट्रॅक्स'मधील एडी काढून टाकला तर लयीचे स्थित्यंतर नाहीसे होईल. सहप्रवासी हा रचनेचाच घटक आहे.

या प्रश्नाला वाङ्मयाबाहेरचेही परिणाम होते, हे विसरून चालणार नाही. युरोपीय आगमनाच्या वेळी ऑस्ट्रेलिया ही कोणाच्याही मालकीची नसलेली भूमी होती, या कल्पनेवर तेथील जमिनीचा कायदा दोन शतके उभा होता. १९९२ च्या माबो खटल्यात उच्च न्यायालयाने ती नाकारली. रिकाम्या वाळवंटाचे वर्णन करणाऱ्या असंख्य पानांनी त्या कल्पनेला लोकमानसात आधार दिला होता. ज्याला वाक्यात जागा नव्हती त्याला जमिनीवरही हक्क नव्हता. लेखकांनी हे हेतुपुरस्सर केले असे नाही. पण संकेत म्हणून स्वीकारलेले एकाकीपण किती निरुपद्रवी असते याचे उत्तर त्यात मिळते.

आज स्टुअर्ट महामार्गावर संध्याकाळी गाड्या थांबतात, खुर्च्या बाहेर येतात, आणि त्या दिवसाचा वृत्तान्त कोणीतरी लिहू लागतो. त्या लेखनातून उद्या एखादी मोठी साहित्यकृती निर्माण होणे अशक्य नाही. साहित्य त्यासाठी पुरेसे आहे: अंतर आहे, वार्धक्य आहे, मागे टाकलेले घर आहे, आणि चाकांवर बरोबर आणलेले घर आहे. उणीव आहे ती शेकोटीजवळच्या एका खुर्चीची. ती कोणासाठी ठेवायची आणि तिच्यावर बसणारा आपल्या भाषेत काय सांगेल, याचा विचार ज्या लेखकाच्या मनात उद्भवेल, तो त्या जुन्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा मिळवू शकेल.